फ्लेक्सवर नसलेलं बेट

फ्लेक्स आधी लागला आणि दौरा मागून ठरला. तलवाड्यात बरीच कामं अशी उलट्या टोकानं सुरू होतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मालनबाईला मात्र वाटलं. ती गिरणीतून दळण घेऊन येत होती, कडेवर पिठाचा डबा, आणि चौकात सहज वर बघितलं तर विजेच्या दोन खांबांमधे ती स्वतःच टांगलेली. फोटो आधार कार्डावरचा, कुणीतरी दम दिल्यासारखा चेहरा झालेला. शेजारी नवरा कचरू, निळा फेटा बांधून. मागं गुलाबी फुलांनी लगडलेली झाडं, बर्फाचा डोंगर आणि एक उंच लोखंडी मनोरा. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'जपान दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा. टोकियो, ओसाका, क्योटो, नारा, हिरोशिमा.' त्याच्याही खाली गॉगल लावलेले शुभेच्छुक, आणि त्यात सगळ्यात मोठा फोटो पुतण्या जीवनचा.

जीवन खाली उभा राहून फ्लेक्सचा फोटो काढत होता. मालनबाईनं त्याला तिथंच धरलं.

"ही गावं कुणी ठरवली रं?"

"काकांनी आन अर्जुनरावांनी. कावून, काकू?"

"मला इचारलं व्हतं का?"

"तुमाला काय इचारायचं? तुमी तर जाणारच हायत ना संगं."

तिनं मनोऱ्याकडं बोट केलं. शेजारून जाणारे शाळेचे गुरुजी म्हणाले की हा मनोरा पॅरिसचा आहे. जीवननं डोकं खाजवलं. म्हणाला, जपानातही असलाच एक आहे, त्यानं मोबाइलवर बघितला, फक्त तो लाल आहे.

"मग ह्यो लाल कावून न्हाई?"

"उन्हानं रंग उडला म्हणायचं, काकू."

मालनबाईला हसू आलं, पण ते तिनं गिळलं आणि तरातरा घरी आली. राग तिच्या पायांत दिसत होता.

राग फ्लेक्सचा नव्हता. राग होता तो तिचं उत्तर दुसऱ्यानंच देऊन टाकल्याचा.

त्याच्या आधीच्या आठवड्यात पोरीचा फोन आला होता. पोरगी म्हणजे पंचशीला, कचरू-मालनची एकुलती एक लेक. तलवाड्याच्या शाळेत शिकली, आजीच्या हातचं खाऊन वाढली, इंजिनियर झाली, पुण्यात राहून जपानी भाषा शिकली आणि जपानातल्या एका शेती यंत्रांच्या कंपनीत लागली. आता आईबापाला मार्चअखेर तिकडं बोलावत होती. भीमजयंतीच्या आत परत यायचं, एवढं न बोलता ठरलेलं. बाकी सगळं मोकळं. मोबाइलच्या पडद्यावर पंचशीला म्हणाली होती, "माय, मला आठवडाभराचीच सुट्टी हाय. तेवढ्यात सगळा देश न्हाई व्हायचा. कुठं कुठं जायचं ते तू निवड. तू म्हणशील तसं करते."

आणि मालनबाई, जिच्या तोंडाला ऊसतोडीची अख्खी टोळी टरकायची, ती गप्प बसली. तिला काही सुचलंच नाही.

सुचणार कसं? कुठं जायचं हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. माहेरी विचारलं नाही, सासरी विचारलं नाही, आणि मुकादमानं तर नाहीच नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि कोयता कोणत्या कारखान्याला जाणार ते मुकादम ठरवतो. दसरा झाला की भांडीकुंडी, गोधड्या, कोंबड्या ट्रकमधे चढवायच्या आणि वर आपण बसायचं. कारखाना सांगलीकडचा की कर्नाटकातला, हे कधीकधी निम्मी वाट सरल्यावर कळायचं. सातारा, सांगली, कोल्हापूर, बेळगाव, सगळी नावं मालनबाईला तोंडपाठ होती आणि त्यातलं एकही शहर तिनं पाहिलेलं नव्हतं. पाहिला तो फड, आणि राहायची पाचटाची झोपडी, कोपी. कोल्हापूर म्हटलं की तिला देवी आठवत नाही आणि तालीमही आठवत नाही, तिथल्या उसाच्या पानाला धार फार होती एवढंच आठवतं.

पंचशीलाला नोकरी लागली त्या वर्षी मालनबाईनं कोयता आढ्याला खोचला आणि कानाला खडा लावला, ह्या डोळ्यांनी पुन्हा ऊस बघायचा नाही. आणि बाई शब्दाला जागली. उन्हाळ्यात गेवराईला गेली तर रसाच्या गाड्याकडं पाठ करून उभी राहायची. घरात उसाचा विषय निघाला की उठून जायची. कचरू चिडवायचा, "मग च्यात साखर कावून घालतीस?" ती म्हणायची, "साखरंत ऊस दिसत न्हाई."

तर अशी ती गप्प बसली आणि कचरूनं फोन ओढून घेतला. म्हणाला, "सांगतो इचारून." आणि विचारायला गेला कुणाला, तर अर्जुनरावांना.

अर्जुनराव म्हणजे गावचे बागायतदार, एके काळचे सभापती. बायकोला घेऊन युरोपचा दौरा करून आलेले, आणि त्या दौऱ्यावर अजूनही चावडीत बोलणारे. माणूस वाईट नाही, पण सांगायची हौस दांडगी. त्यांनी जपानची पाच शहरं सांगितली, जीवननं ती फ्लेक्सवर छापली, आणि त्या दिवसापासून अर्जुनराव कचरूला 'कचरूभाऊ' म्हणायला लागले. वयानं दोघं बरोबरीचे, पण आजवर ती हाक नुसती 'कचऱ्या' अशी होती. चौकातल्या ज्या पारावर कचरूचा बाप कधी टेकला नाही, त्या पारावर आता त्याला सरकून जागा व्हायची. जपानातलं कोणतं देऊळ बघायचं यावर तो मान हलवून बोलायचा. मालनबाईला हे सगळं दिसत होतं. म्हणून फ्लेक्स बघून रागानं घरी आल्यावरही ती नवऱ्याला जास्त बोलली नाही. एवढंच म्हणाली, "इचारलं मला व्हतं, आन सांगितलं तुमी."

"तुला काय सांगायचं व्हतं मग?"

यावर परत तिच्याकडं उत्तर नव्हतं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

दोन दिवसांनी अर्जुनरावांच्या विमलबाई स्वेटर घेऊन आल्या, तिकडं थंडी असते म्हणून. चहा घेतला, इकडचं तिकडचं झालं, आणि दाराकडं एकदा बघून म्हणाल्या, "तुला एक सांगू का, मालन? ह्यांना सांगू नको. आमच्या त्या युरोपचं मला बसशिवाय काही आठवत नाही. रोज पहाटे उठवायचे, रोज नवं गाव. तो गाइड म्हणायचा डावीकडं बघा, तोवर ते मागं पडायचं. उतरलं की फोटो, की पुन्हा चढा."

"म्हंजे आमच्या ट्रकावाणीच की."

"ट्रकला निदान वारा तरी लागत असंल गं. आमची बस बंद काचेची."

दोघी हसल्या. एवढ्या वर्षांत दोघी एकमेकींजवळ बसून अशा हसल्या नव्हत्या. विमलबाई गेल्यावर मालनबाईच्या मनात पहिल्यांदा काहीतरी पक्कं झालं. कुठं जायचं ते नाही, पण कसं जायचं नाही ते. ट्रकवर बसल्यासारखं जायचं नाही. एकच जागा बघायची, पण तिथं उतरायचं, पाय टेकायचे, बसायचं.

कचरू पारावर गेलेला असताना तिनं सकाळीच लेकीला फोन लावला, तिकडं तेव्हा दुपार असते. पंचशीला कंपनीच्या आवारात बाकावर बसून डबा खात होती.

"माय, बाबांनी सांगितलेलं सगळं बसवलं मी. सकाळी टोकियो, मग रेल्वेनं ओसाका. लई पळापळ हाय, पण व्हईल."

ती बोलत असतानाच मागून टोपी घातलेला एक माणूस आला. दोघं वाकून एकमेकांना काहीबाही बोलले. माणूस गेला. पंचशीला परत फोनकडं वळली ती हसतच, पण मालनबाईनं ते हसू ओळखलं. लहानपणी ट्रक निघताना पोरगी आजीच्या शेजारी उभी राहून असंच हसायची, आईला रडू दिसू नये म्हणून.

"काय म्हणला त्यो?"

"काय न्हाई, माय. कामाचं."

"पंचे, म्या तुला ओळखते. काय म्हणला?"

पंचशीलानं डबा बाजूला ठेवला. तिच्या गटानं दोन वर्षं खपून एक यंत्र केलं होतं. त्यातला अगदी खालचा भाग, जमिनीलगत कापणारा, तो तिच्या एकटीच्या डोक्यातून आलेला. ते यंत्र पहिल्यांदा शेतात उतरणार होतं, दक्षिणेकडच्या एका लहानशा बेटावर. आणि ते नेमकं त्याच आठवड्यात होतं. तिनं साहेबांना सांगून टाकलं होतं की माझे आईवडील येतायत, माझ्या जागी दुसऱ्याला पाठवा. टोपीवाला तेच विचारत होता, तुझं नक्की का म्हणून.

"येडी का काय तू? तुपलं मशीन पैल्यांदा चालणार आन तू आमाला मनोरे दाखवत हिंडणार?"

"मशीन पुन्हा बघता येईल, माय. तुमी दोघं कवा येणार परत? आन त्या बेटावर बघायला काहीच न्हाई. शेतं आन समुद्र, बस."

"कसलं मशीन हाय?"

मालनबाईला वाटलं फोन अडकला. तिनं पडद्यावर बोट मारून बघितलं.

"उसाचं," पंचशीला म्हणाली. "ऊस तोडायचं. तिकडं बारकी बारकी वावरं असतात, आपल्यासारखी. त्यात जाईल असं. तुला सांगितलं न्हाई मी. तू उसाचं नाव काढू देत न्हाईस म्हणून. शेतीचं मशीन एवढंच म्हणत आले."

मालनबाई ओट्यावर बसून राहिली. समोर आढ्याला कोयता खोचलेला होता, त्यावर धूळ बसली होती. इतकी वर्षं ही पोरगी दारात ट्रकची वाट बघत वाढली. आई आली की पहिल्यांदा आईच्या पाठीवर पाय देऊन उभी राहायची, कारण आईची पाठ सरळ व्हायला दुसरा उपाय नव्हता. ते वजन मालनबाईला आठवलं. आणि तिला कळलं की पोरगीही ते विसरली नाही, आणि विसरली नाही म्हणून काय करून बसली आहे. अभिमान काय असतो ते तिला त्या क्षणी कळलं, फ्लेक्सखाली उभी असताना नव्हतं कळलं.

"पंचे, तुपल्या सायबाला सांग, तू जाणार म्हणून."

"आन तुमी?"

"आमी तिथंच यिऊ. मला जपान निवड म्हणली व्हतीस ना? निवडलं म्या."

"माय, तिथं ऊस हाय गं नुसता. तुला बघवंल का?"

"तोडायचा न्हाई ना? नुसता बघायचाच हाय ना? मग बघते की."

लेकीला तयार करणं सोपं होतं. नवऱ्याचं अवघड होतं, आणि ते तिला ठाऊक होतं. संध्याकाळी कचरू आला तो उद्याच्या सत्काराची बातमी घेऊन. अर्जुनरावांनी चौकात सत्कार ठेवला होता, शाल, नारळ, माइक, सगळं. मालनबाईनं त्याला पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला.

"आन लोकं काय म्हणतील?" तो म्हणाला. "ऊसतोड्या जपानला गेला आन तिथं बी उसातच शिरला. हेच म्हणतील. जल्मभर लोकांनी तेच बघितलं, मालन. एकदा तरी मला दुसरीकडं कुठं बघू दे की त्यांना."

यात खोटं काही नव्हतं. मालनबाईला त्याचं वाईट वाटलं. फेटा बांधलेला तो फोटो त्यानं तिला कितीदा तरी दाखवला होता.

"तुमाला नारा बघायचं हाय, बुद्धाची ती मोठी मूर्ती बघायची हाय, ते मला ठाव हाय," ती म्हणाली. "परतीच्या वाटंवर तेवढं एक करू, पंचीला सांगितलंय म्या. पण पोरगी पैल्यांदा पाळण्यातून उतरून चालली तवा आपुन कुठं व्हतो? कर्नाटकात. दहावीला पैली आली, शाळेनं दिवाळीमागून सत्कार केला, तवा? फडात. तिच्या एका बी चांगल्या दिवसाला आपुन हजर न्हवतो. ह्या दिवसाला बी तिथं असून मनोरेच बघत बसायचं का?"

कचरू जेवला आणि बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडला.

दुसऱ्या दिवशी चौक भरला. हंगाम संपत आला होता, टोळ्या गावी परतायला लागल्या होत्या. सकाळीच एक ट्रक आला होता आणि त्यातून उतरलेल्या बाया अंगावरच्या धुळीसकट कडेला उभ्या होत्या. त्यांत द्रौपदा होती, मालनबाईच्या जुन्या टोळीतली, तिच्या शेजारी मोळ्या बांधणारी. मालनबाई फ्लेक्सखाली खुर्चीवर, खांद्यावर शाल, आणि द्रौपदा समोर उभी, कमरेवर हात ठेवून, किंचित वाकलेली. मालनबाईला खुर्चीत बसवेना.

अर्जुनरावांनी भाषण केलं. गावाचं नाव, जिल्ह्याचं नाव, सगळं आलं. त्यांनी पाच शहरं फ्लेक्सकडं बघून वाचली आणि मनोऱ्याबद्दलही दोन वाक्यं बोलले. मग माइक कचरूच्या हातात दिला. "सांगा कचरूभाऊ, कुठं कुठं चाललात ते तुमच्या तोंडानं सांगा."

कचरू उभा राहिला, डोक्याला तोच निळा फेटा. आधी जय भीम घातला. मग म्हणाला, "टोकियो." आणि थांबला. फ्लेक्सकडं बघितलं. त्यातल्या स्वतःच्या फेट्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. आता हा पुढची चारही वाचणार आणि चारचौघांत मला काही बोलता येणार नाही, असं तिला वाटलं.

"म्या न्हाई सांगत," कचरू म्हणाला. "पोरीनं हिला इचारलं व्हतं. ठरवलंय हिनं. हीच सांगंल." आणि त्यानं माइक बायकोपुढं धरला.

मालनबाईनं माइक घेतला. आवाज आधी बारीक निघाला, मग तिचा तिला सापडला.

"आमी एका बेटावर चाललो. त्याचं नाव मला अजून नीट घेता येत न्हाई. तिथं मनोरा न्हाई, फुलांची झाडं हायती का न्हाई ते ठाव न्हाई. तिथं ऊस हाय. आमी ऊस बघायला चाललो."

मागं कुणीतरी खो खो हसलं. अर्जुनराव गोंधळून म्हणाले, "अहो मालनबाई, ऊस काय, माझ्या मळ्यातही दाखवला असता."

"तुमच्या मळ्यात लई बघितला, अर्जुनराव. तुमच्या मळ्यातला तोडलाय बी म्या." आता हसणं दुसऱ्या बाजूनं आलं, बायांच्या. "पण त्या बेटावरचा ऊस मपल्या लेकीचं मशीन तोडणार हाय. मपल्या पंचशीलानं केलेलं. बुडापासनं तोडणार, जसं आमी तोडायचो, बुडखा मागं न ठिवता. आन माणूस वर बसणार, शिटावर. त्ये पैल्यांदा चालंल तवा म्या बांधावर उभी असणार. आजवर मुकादमानं सांगितलं तिकडं गेलते. ह्या वक्ताला मला लेकीनं इचारलं, माय, तू निवड. म्या हे निवडलं."

विमलबाईंनी आधी टाळी वाजवली, मग बाकीच्यांनी. कचरू सरळ उभा होता, नजर समोर, आणि फेटा त्याला त्या फोटोतल्यापेक्षा जास्त शोभत होता.

द्रौपदा पुढं आली. टाळ्या थांबायची तिनं वाट बघितली. "मालन, तुपली पोरगी मशीन करणार, लई चांगलं. पण मशीन आल्यावर आमी काय करायचं? आमचं पोट त्याच कोयत्यावर हाय."

अवघड प्रश्न होता, आणि मालनबाईनं तो टाळला नाही. "त्याचं उत्तर मपल्यापाशी न्हाई, द्रौपदे," ती म्हणाली. "त्ये तुला खोटं सांगणार न्हाई. पंचीला बी इचारीन, ह्या अर्जुनरावांना बी इचारू, सगळ्याजणी मिळून. पण तुपल्या पाठीकडं बघ, मपल्या पाठीकडं बघ. पोट भरायला हीच एक वाट असावी, असं तुला तरी वाटतं का?"

द्रौपदानं कमरेवरचा हात काढला, पुन्हा ठेवला. मग म्हणाली, "जातीस तर त्याचा फोटू काढून आण. चालता फोटू. पार ह्या बांधापासनं त्या बांधापर्यंत. आमाला बघू दे, तिथं कोण कोण वाकतंय ते."

मालनबाईनं खांद्यावरची शाल काढली आणि द्रौपदाच्या पाठीवर घातली.

"आणते," ती म्हणाली. "आन तुला आत्ताच सांगते, द्रौपदे. कुणी वाकलेलं दिसायचं न्हाई."